चांद्याचा उचललेला पाय

लिहून ठेवणार : आसाराम बन्सी कानडे, वय ७६, दूध संस्थेतून निवृत्त झालेला लिपिक, राहणार कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर.

मी असे जाहीर करतो की हा कागद करताना माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी सांगितल्यावर त्यांनी स्वतः कॅलेंडर बघून खात्री करून घेतली. हा कागद करण्यास मला कोणी भरीस पाडलेले नाही. धाकटा भाऊ गोरक्षनाथ याने मात्र "दादा, असलं काई करू नकोस, लोक म्हनतील भावाभावात इस्वास न्हाई," असे दोनदा सांगितले. दबाव म्हणायचा तर तेवढाच.

श्रीरामपूरचे हर्षल वकील यांनी मला छापील नमुना दिला होता. मृत्युपत्रात कारणे देऊ नयेत, कारणांवरूनच पुढे भांडणे होतात, असे त्यांचे म्हणणे पडले. मी त्यांचा मान राखून कारणे देत आहे. आपण कारण दिले नाही तर लोक आपापल्या मनाचे देतात, आणि ते ऐकायला आपण नसतो.

या कागदाचे मुख्य कारण आधीच सांगतो. माझी पत्नी कै. सौ. रोहिणी डिसेंबर २०२४ मध्ये वारली. तिचा शेवटचा चित्रपट अपुरा आहे. आमच्या गोठ्यातल्या टेबलावर चांद्या नावाचा मातीचा बैल पुढचा एक पाय उचलून घराच्या उंबऱ्यापुढे उभा आहे. तो पाय आत पडणार की मागे जाणार हे तिने कोणाला सांगितले नाही. एक वर्ष मी त्याच्या आजूबाजूची धूळ पुसतो आहे. माझ्यामागे कोणी तो बैल उचलून शोकेसमध्ये ठेवू नये, म्हणून हा खटाटोप.

ज्यांना रोहिणीचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. ती इथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होती. घरी, गोठ्याच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून, ती मातीच्या बाहुल्या चालवून चित्रपट करायची. बाहुली केसभर हलवायची, एक फोटो घ्यायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. असे फोटो एकामागे एक पळवले की बाहुली चालते. हलवायचे काम तिचे, बटण दाबायचे माझे. हात बाजूला घेतला की ती "हं" म्हणायची आणि मी दाबायचो. आमच्या संसारात सर्वांत जास्त बोललेला शब्द हाच असावा. मातीच्या बाहुल्या चालवून चित्रपट करणारी मराठी मुलखातली ही पहिली बाई, असे एका मासिकात छापून आले होते. तिने ते वाचले आणि मला विचारले, "पहिली की एकटीच?"

आता वाटणी.

कलम १. कोल्हार येथील राहते घर माझ्यामागे मुलगी मोनिका हिचे. ती पुण्यात असते, पण घर विकणार नाही असे तिने न विचारता सांगितले आहे, म्हणून तशी अट घालत नाही. एकच विनंती आहे. स्वयंपाकघराच्या छतावर कुकरच्या बरोबर वर एक काळा-तपकिरी डाग आहे. रोहिणी प्रवरेची माती गाळून त्यात तेल आणि मेण घालून मळायची, म्हणजे बाहुली वाळून तडकत नाही. एकदा तिने हे मिश्रण कुकरमध्ये शिजवून बघितले. शिट्टी झाली नाही, झाकणच वर गेले. माझी आई देवघरातून ओरडली, "रोहिने, आमटी हाय का सुरुंग?" रंगाऱ्याने तो डाग तीन वेळा रंगवला, मेण तीनही वेळा वर आले. चौथ्यांदा पैसे घालवू नयेत.

कलम २. शेत गोरक्षनाथच करतो. माझ्या वाट्याचे शेत त्याच्याकडेच राहावे. उसाला पाणी कधी द्यायचे हे मोनिकाला कळत नाही आणि मलाही कधी कळले नाही.

कलम ३. बँकेत जे असेल ते मोनिकाला. त्यातून तिने शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला दोन चांगले पंखे घेऊन द्यावेत. रोहिणीने ऐन एप्रिलात पंखा बंद ठेवून काम केले, कारण वाऱ्याने बाहुलीचे धोतर हलते. मुलांना ती शिक्षा नको.

कलम ४. सर्व चित्रपट, त्यांच्या रिळांचे डबे, नंतरच्या हार्ड डिस्क आणि त्यांवरचे सर्व हक्क मोनिकाला. तिने ते कोणालाही दाखवावेत. शाळेत दाखवायला पैसे घेऊ नयेत.

पहिला चित्रपट घागरीचा. पाण्याला जायला घरात कोणी तयार नाही, म्हणून घागर स्वतःच गडगडत नदीवर जाते आणि भरून परत येते, एवढीच गोष्ट. हा चित्रपट शाळेच्या भिंतीवर पांढरे धोतर लावून पहिल्यांदा दाखवला. संपल्यावर टाळ्या नाहीत, काही नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमच्या घागरीला बी शिकवा की."

दुसरा चित्रपट गुळाच्या बैलगाडीचा. माती सोडून गुळाच्या बाहुल्या कराव्यात हे तिच्या डोक्यात आले, कारण आमच्याकडे गुऱ्हाळ चालू होते आणि गूळ फुकट होता. आठ दिवस काम केले. नवव्या दिवशी सकाळी गोठा उघडला तर गाडीवानाला डोके नव्हते आणि चाकांवर मुंग्यांची रांग लागली होती. मी पावडर आणायला निघालो. ती म्हणाली, "थांबा, कॅमेरा लावा." पुढचे दोन दिवस बाहुल्यांना कोणी हात लावला नाही. मुंग्या हलवत होत्या, रोहिणी "हं" म्हणत होती आणि मी दाबत होतो. या चित्रपटाला परदेशात बक्षीस मिळाले. मुंग्या कशा शिकवल्या असे तिथून पत्राने विचारले गेले. तिने उत्तर लिहिले की मुंग्या शिकलेल्या नव्हत्या, आम्ही झोपलो होतो. पुढे त्यांचे पत्र आले नाही.

मोनिकाला सूचना अशी की या जुन्या कामांत काही ठिकाणी उजेड कमी-जास्त होतो. शेतीची लाईन चालू होऊन सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमचा दिवा मान टाकायचा. काही ठिकाणी चित्र हादरते. ते गोरक्षनाथचा ट्रॅक्टर भिंतीमागून गेल्यामुळे. मोनिका म्हणते की कॉम्प्युटरवर हे सगळे दुरुस्त होते. होत असेल. करू नये. ती वीज आणि तो ट्रॅक्टर याच गावचे आहेत.

कलम ५. दोन्ही कॅमेरे, तिपाई आणि रोहिणीचे बुटके स्टूल सुरेखाबाईंना. त्या शाळेत तिच्या शेजारच्या वर्गावर होत्या. वार्षिक तपासणीच्या दिवशी रोहिणी गोठ्यात अडकली की तिचा वर्ग त्या सांभाळायच्या. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली घातलेली पट्टी फेकू नये.

कलम ६. बक्षिसे. काचेचे मोठे बक्षीस गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून लावलेले आहे. ते तिथेच ठेवावे, दुसऱ्या कशाने ते दार राहत नाही. बाकीची मोनिकाने न्यावीत. शाली सतरा आहेत. एवढ्या थंडीचे गाव हे नाही. उसतोडीला आलेल्या टोळीतल्या बायांना द्याव्यात.

कलम ७. कुंकवाबद्दल. हे कलम मालमत्तेचे नाही हे मला मान्य आहे. पण रोहिणीवर लिहिणारे लोक फोन करून हाच प्रश्न विचारतात, आणि माझ्यामागे मोनिकाला त्रास नको.

शेवटच्या चित्रपटाची मुळातली गोष्ट अशी होती. घरचा लंगडा बैल चांद्या बाजारात विकला जातो आणि दूर दूर जात दिसेनासा होतो. संपले. चित्रपट निम्मा झाला तेव्हा पोळा आला. त्या दिवशी रोहिणी शाळेतल्या मुलांच्या मातीच्या बैलांची स्पर्धा बघायला गेली होती आणि मी संस्थेत होतो. दोघेही निवृत्त, पण बोलावले की जायचो. आमची आई झुंबरबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेली. तिला दिसायचे कमी. दरवर्षी देव्हाऱ्यापुढे पुजायला मातीचे बैल आणतात, ते त्या वर्षी आणायचे राहिले. आईने गोठा उघडला, टेबलावर बैल दिसला. तिने त्याला ओवाळले, कपाळभर कुंकू लावले, पुढे पुरणपोळी ठेवली आणि दार लावून घेतले.

रोहिणीने संध्याकाळी बघितले आणि टेबलापाशी खाली बसली. एक प्रसंग अर्धा झालेला. एका फोटोत बैलाचे कपाळ कोरे आणि पुढच्या फोटोत लाल. मी म्हणालो, ओल्या फडक्याने हळूच पुसू. आई दारातच होती.

"पुजलेल्या बैलाचं कुक्कू पुसतो व्हय रे? तुला काई लाजबीज?"

"आई, तो खेळातला बैल आहे."

"मंग खेळात पुसू नको." आणि मग रोहिणीकडे वळून, "कुठं चाललाय गं ह्यो?"

रोहिणीने सांगितले की विकला आहे, चालला आहे.

"पुजला आता. पुजलेला बैल इकत न्हाईत. माघारी आन त्याला."

रोहिणीने चांद्याला हळूहळू, केसाकेसाने वळवायला सुरुवात केली. तो पूर्ण वळायला दोन दिवस लागले. म्हणजे चित्रपटात चांद्या जाता जाता रस्त्यात थबकतो, एकाएकी कपाळावर कुंकू येते आणि तो घराकडे तोंड फिरवतो. यावर मुंबईच्या एका विद्वान गृहस्थांनी नऊ पाने लिहिली आहेत. त्यात लाल रंग, धरणी, स्त्री आणि आणखी बरेच काही आहे. आई कुठेही नाही. ती २०१९ साली गेली. यापुढे कोणी विचारले तर उत्तर एकच द्यावे, "आजीला कमी दिसत होते." यापेक्षा जास्त सांगू नये.

कलम ८. भाऊ गोरक्षनाथ याच्याबद्दलच्या माझ्या तक्रारी. या मी तोंडाने कधी केल्या नाहीत. आम्ही दोघे फार बोलणारे नाही. तो ओरडतो, पण ते बोलणे नव्हे.

पहिली तक्रार ट्रॅक्टरची. ती वर आली आहे.

दुसरी कानांची. चित्रपटात बैल विकणारा जो शेतकरी आहे तो गोरक्षनाथ आहे. रोहिणीने ते नाकारले नाही. एकदा तो गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता.

"वहिनी, ह्यो मी हाय का?"

"आहात भाऊजी."

"माजं कान एवढं हायेत व्हय?"

"कॅमेरा लांब आहे. लांबून दिसायला हवेत."

"लांबून दिसत्यात त्ये मला म्हाईत हाय, पर जवळून बी दिसत्यात ना! जरा कमी करा."

तिने कमी केले नाहीत. त्या दिवसापासून गोरक्षनाथ टोपी कानांवर ओढून हिंडायला लागला, अगदी मे महिन्यातसुद्धा. रोहिणीने ते पाहिले आणि बाहुलीचीही टोपी खाली ओढली. चित्रपटात मधूनच टोपी कानांवर येते ती यामुळे. यावर अजून कोणी नऊ पाने लिहिलेली नाहीत. त्यानंतर "गोठ्यात माजी बदनामी चाललीया" असे सांगत तो गावभर फिरला आणि गोठ्यात पाय टाकायचा बंद झाला. टोपी मात्र तशीच राहिली.

तिसरी तक्रार खरी. खरा चांद्या आमच्या दोघांच्या मालकीचा होता. वाटणीत गोठा माझ्याकडे आला, नांगर त्याच्याकडे गेला आणि बैल सामाईक ठेवला. २००३ च्या दुष्काळात आम्ही नवराबायको एका लग्नाला नाशिकला गेलो होतो. परत आलो तर दावे रिकामे. गोरक्षनाथने चांद्याला घोडेगावच्या बाजारात विकला होता. विचारले नाही, निरोप नाही. माझ्या वाट्याचे पैसे त्याने ओट्यावर ठेवले आणि मी ते उचलले. शाळेतून आली की चांद्याचे कान खाजवून द्यायची रोहिणीची सवय होती. त्या दिवशी ती गोठ्यात रिकाम्या दाव्यापाशी जाऊन आली आणि भाकरी टाकायला बसली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिने मातीचा चांद्या घडवला. तेव्हा मला कळले की ती विसरली नव्हती.

या तीन तक्रारींच्या बदल्यात मी गोरक्षनाथला त्याचीच बाहुली, कानांसह, देत आहे. त्याने ती नीट ठेवावी. उन्हात ठेवू नये, मेण सुटते आणि कान लोंबतात.

कलम ९. गोठा आणि शेवटचा प्रसंग.

गोठा गोरक्षनाथला टेम्पो लावण्यासाठी हवा आहे. तो त्याच्या दारासमोर आहे आणि मागणी वाजवी आहे. पण टेबल त्याच गोठ्यात जमिनीला ठोकून बसवलेले आहे, आणि टेबलावर मी सुरुवातीला सांगितलेला प्रसंग आहे. चांद्या उंबऱ्यापुढे एक पाय उचलून उभा. दारात गोरक्षनाथची बाहुली. तिचा उजवा हात अर्धवट वर आलेला. तो हात बैलाला हाकलायला वर चालला आहे की कुरवाळायला, हे फक्त रोहिणीला ठाऊक होते. त्या दिवशी ती म्हणाली, "पुरे आज, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेले.

मोनिका म्हणाली, "अण्णा, मी कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत पाय टेकवून देते." तिच्या ओळखीची मंडळी पुण्याहून येऊन बघून गेली. त्यांच्यात दोन तट पडले, हाकलणारे आणि कुरवाळणारे. दुपारभर वाद झाला आणि जेवताना चालूच राहिला. मी वाढत होतो. माझ्या लक्षात आले की त्यांतल्या कोणीही चांद्याला विकलेले नाही.

म्हणून अशी व्यवस्था करतो. शेवटच्या प्रसंगात बाहुली आणि बैल गोरक्षनाथ याने स्वतःच्या हाताने हलवावेत. त्याला जे करावेसे वाटेल ते करावे. हाकलायचे असेल तर हाकलावे, कोणी बोलू नये. मी नसेन, तेव्हा बटण मोनिका दाबेल. हे पुरे झाले की गोठा गोरक्षनाथचा, टेबल काढून टेम्पो लावायला मोकळा. त्याने नकार दिला तर गोठा मोनिकाचा. मग टेबल आहे तसे राहील, पाय आहे तसा राहील, आणि टेम्पो बाहेर.

कलम १०. माझ्या निधनाची बातमी पेपरात देताना फोटोची अडचण येईल. मी आयुष्यात लाखावर फोटो काढले, पण त्यांतल्या एकातही मी स्वतः नाही. दूध संस्थेच्या ओळखपत्रावरचा चालवावा. त्यात मी घाबरलेला दिसतो. तसा मी नव्हतो, फ्लॅश मोठा होता.

येथपर्यंतचा मजकूर टाईप केलेला आहे.

येथून पुढे मी हाताने लिहीत आहे. वरचा मजकूर आमच्या चौकातल्या कल्याणच्या झेरॉक्स सेंटरमध्ये टाईप झाला. कल्याण चांगला माणूस आहे, पण टाईप करताना तो मोठ्याने वाचतो. दुकानात तेव्हा कोण कोण होते मला माहीत नाही. सहीचा दिवस उजाडण्याआधीच, काल दुपारी, गोरक्षनाथ माझ्या ओट्यावर येऊन उभा राहिला.

"दादा, कल्याण म्हनतो, म्या हात लावल्याबिगर चांद्या घरात यायचा न्हाई. खरं हाय का?"

"मी गेल्यावरची गोष्ट आहे ती."

"तू कवा जायचा? त्यो काय तवर एका पायावर ताटकळत ऱ्हाईल व्हय?"

"तीन पायांवर."

"त्येच ते." मग म्हणाला, "वहिनीच्या मनात काय हुतं?"

"मला सांगितलं नाही."

"तुला बी न्हाई? मंग एवढी वर्सं गोठ्यात दोगं बोलत काय हुता?"

"ती हं म्हणायची."

"आन् तू?"

"मी बटण दाबायचो."

तो हसला. बऱ्याच वर्षांत मी त्याला माझ्या ओट्यावर हसताना पाहिले नव्हते. मग तो माझी वाट न बघता गोठ्याकडे चालू लागला आणि काचेचे बक्षीस पायाने सरकवून दार उघडून आत गेला.

आत तो टेबलासमोर उभा राहिला. चांद्याचा लंगडा पाय त्याने वाकून बघितला. कपाळावरचे कुंकू बघितले. मग स्वतःकडे, म्हणजे बाहुलीकडे, बघितले.

"टोपी लई खाली वढली हाय," तो म्हणाला.

तो बाहुलीकडे बघतच बोलायला लागला.

"चारा कुनी आनायचा, दादा? तू संस्थेत, वहिनी शाळंत. त्या सालात कुठं काडी न्हवती. त्याचा पाय सुजला हुता, रोज सांजच्याला मी शेकत हुतो. तुला म्हाईत तरी हुतं का?"

"नाही."

"तुला इचारलं आसतं तर तू न्हाई म्हनला आसतास. वहिनी रडली आसती. मंग त्यो हितंच मेला आसता. घोडेगावात त्याला येका मळेवाल्यानं नेला, हिरीवर पानी हुतं त्याच्या. मी तितनं निघालो ते मागं वळून न्हाई बघितलं. बघितलं आसतं तर संगं घिऊन आलो आसतो."

हे मला २००३ पासून माहीत नव्हते. मी विचारलेही नव्हते. वर कलम आठमध्ये लिहिलेली तिसरी तक्रार मी याद्वारे मागे घेतो. पहिली आणि दुसरी कायम आहेत.

मी दिवे लावले, कॅमेरा चालू केला. त्याने बाहुलीचा हात धरला. पण थंडीने मेण कडक झाले होते, हात हलेना. मी सांगितले की रोहिणी मुठीत धरून ठेवायची, ऊब लागली की माती ऐकते. त्याने स्वतःच्या मातीच्या हाताभोवती मूठ मिटली आणि आम्ही दोघे तसेच उभे राहिलो.

"आता जरासा हलव. केसभर."

त्याने बोटभर हलवला.

"केसभर म्हणालो."

"माजं क्यास जाड हायेत."

पुन्हा मागे घेतला, पुन्हा हलवला. हात बाजूला केला. मी थांबलो. तो माझ्याकडे बघू लागला.

"दाब की."

"हं म्हण."

"कशापायी?"

"त्याशिवाय मला दाबता येत नाही."

तो घसा खाकरून म्हणाला, "व्हय."

मी दाबले.

मग तो हलवत गेला, "व्हय" म्हणत गेला आणि मी दाबत गेलो. बाहुलीचा हात वर वर चालला. मी हाकलणाऱ्यांच्या बाजूचा की कुरवाळणाऱ्यांच्या, हे मी अजून ठरवले नव्हते. हात बैलाकडे गेला नाही. तो बाहुलीच्या डोक्याकडे गेला, टोपीला लागला आणि टोपी वर जाऊ लागली. आधी डावा कान बाहेर आला, मग उजवा. पुण्याच्या दोन्ही तटांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते.

"हे काय करतो आहेस?" मी विचारले.

"त्याला वळख पटाय नगं?" गोरक्षनाथ म्हणाला. "ह्या टोपीत कसा वळखंल मला?"

मग त्याने बाहुलीला दारातून एक पाऊल बाजूला घेतले. त्यानंतर चांद्याचा पाय. तो त्याने फार सावकाश खाली आणला, अगदी केसभर, मला सांगावे लागले नाही. पाय उंबऱ्याच्या आत टेकला. शेवटचा "व्हय" मला ऐकू आला नाही, पण ओठ हलले, म्हणून मी दाबले.

बाहेर आल्यावर बघितले तर त्याने स्वतःची टोपी काढून काखेत धरली होती. कान आहेत तेवढेच आहेत. रोहिणीने ते जास्त मोठे केले नव्हते, हे मी येथे नमूद करतो.

सबब कलम ९ मधील अट आता रद्द झाली आहे. गोठा बिनशर्त गोरक्षनाथ याचा. हे मी त्याला सांगितले आणि टेबल कधी काढू असे विचारले. तो म्हणाला, "र्‍हाऊ दे. टेम्पोला काय हुतंय भाईर? आत लावला तर टेबल हालंल." मोनिकाला काल फोनवर सगळे सांगितले. तिने कॉम्प्युटरवर फोटो पळवून बघितले. म्हणाली, "अण्णा, काकांची बाहुली फार धक्के खात हलते." मी म्हणालो, दुरुस्त करू नकोस.

हा कागद मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केला. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. गोरक्षनाथला यातून काही मिळत असल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही, असे हर्षल वकिलांनी फोनवर सांगितले. तरीही त्याला सही करायची होती, म्हणून साक्षीदारांच्या खाली वेगळी ओळ मारून दिली आहे. सुरेखाबाईंना मात्र कलम ५ मधल्या वस्तू मी आजच हयातीत देऊन टाकल्या, म्हणून त्या साक्षीदार राहू शकतात.

ठिकाण : कोल्हार बुद्रुक
दिनांक : १८ जानेवारी २०२६, रविवार

सही : आसाराम बन्सी कानडे

साक्षीदार :
१. सौ. सुरेखा अमृत वाबळे, निवृत्त शिक्षिका, कोल्हार
२. श्री. कल्याण आदिनाथ दिघे, झेरॉक्स सेंटर, कोल्हार (हा मजकूर आता तरी कोणाला वाचून दाखवणार नाही, असे त्यांनी कबूल केले आहे.)

वाचून पाहिले, मान्य आहे :
गोरक्षनाथ बन्सी कानडे

टीप : गोरक्षनाथच्या सहीवर अंगठ्याएवढा मातीचा तेलकट डाग पडला आहे. आज सकाळी तो पुन्हा गोठ्यात गेला होता. हा डाग खाडाखोड समजू नये, आणि पुसू नये.